होमी भाभांचा हिशेब

‘रॉकेट बॉईज’ने आपल्या पिढीला होमी भाभा नव्याने भेटवले. उंची सूट, पाश्चात्त्य संगीताचं वेड, नेहरूंशी थेट ओळख आणि शेवटी ते विमान. यूट्यूबवर त्यांचं नाव टाकून बघा, अपघात की घातपात हेच सांगणारे व्हिडिओ आधी समोर येतात. बॉम्बचं श्रेय किंवा दोष, जे काय द्यायचं ते देऊन झालं, की विषय संपतो. पण हा माणूस शास्त्रज्ञ म्हणून टेबलावर बसून नेमकं काय करायचा, हे आपल्यापैकी फार जणांना सांगता येणार नाही.

तर, तो मोजायचा. एका बाजूने एक कण पदार्थात शिरला, तर आत अमुक खोलीवर किती कण सापडतील, याचा हिशेब मांडायचा. ऐकायला अगदी कारकुनी काम वाटतं. पण अणुभट्टी चालवायची असो किंवा परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये एखाद्याच्या गाठीवर किरणं सोडायची असोत, आधी हाच हिशेब करावा लागतो.

होमी जहांगीर भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ चा, मुंबईतलाच. वडील जहांगीर ऑक्सफर्डला शिकलेले वकील. आई मेहेरबाई सर दिनशॉ पेटिट यांच्या घराण्यातल्या, म्हणजे मुंबईत कापडगिरण्या उभ्या करणाऱ्या पहिल्या फळीतलं घराणं. आत्या दोराबजी टाटांना दिलेली. थोडक्यात, लालबाग-परळच्या भोंग्यांवर ज्यांची घड्याळं चालायची त्यांच्या जगापासून हे घर फार लांब होतं. फोर्टातलं कॅथेड्रल स्कूल, मग काळा घोड्याजवळचं एल्फिन्स्टन कॉलेज, मग शेजारचीच रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स. सगळं शिक्षण एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर.

१९२७ मध्ये होमी केंब्रिजला गेला तो इंजिनीअर व्हायला. घरच्यांचा प्लॅन पक्का होता: मेकॅनिकल करायचं, परत यायचं आणि जमशेदपूरला टाटांच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हायचं. वर्षभरात मुलाने वडिलांना पत्र पाठवलं, की हे माझ्याच्याने होणार नाही, मला फिजिक्सच करायचंय. (ही गोष्ट अजूनही दर जूनमध्ये किती घरांत घडत असेल!) वडिलांनी आकांडतांडव केलं नाही, सौदा केला. इंजिनीअरिंगमध्ये फर्स्ट क्लास आण, मग पुढची दोन वर्षं गणितासाठी खर्च करतो. १९३० मध्ये फर्स्ट क्लास आला, गणिताची परीक्षाही नंतर त्याच दर्जात पास झाली आणि जमशेदपूर कायमचं मागे पडलं. खिशात पैसा आणि डोक्यावर टाटांचं नाव असताना असा सौदा करणं सोपं होतं, हे खरंच. पण फर्स्ट क्लास काही पैशाने मिळत नाही.

त्या काळचं केंब्रिज म्हणजे भौतिकशास्त्राची पंढरी होती. पॉल डिरॅक तिथे शिकवत होते. कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत १९३२ मध्ये जेम्स चॅडविक यांना न्यूट्रॉन सापडला. त्याच वर्षी अमेरिकेत कार्ल अँडरसन यांना पॉझिट्रॉन दिसला, म्हणजे इलेक्ट्रॉनचाच धन विद्युतभाराचा जुळा भाऊ. भाभांनी शिष्यवृत्तीवर झुरिकला वोल्फगांग पाउली आणि रोमला एन्रिको फर्मी यांच्याकडेही काम केलं. पॉझिट्रॉन जाऊन इलेक्ट्रॉनवर आपटला तर कुठल्या कोनात किती शक्यतेने उडेल, याचं सूत्र त्यांनी मांडलं. ते १९३६ मध्ये प्रसिद्ध झालं. आज जगभर त्याला ‘भाभा स्कॅटरिंग’ म्हणतात. हे नाव लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा येणार आहे.

आता मुख्य गोष्ट. आकाशातून आपल्यावर सतत कणांचा मारा चालू असतो, त्यांना वैश्विक किरण म्हणतात. आत्ता हा पेपर धरलेल्या तुमच्या तळहातातूनही सेकंदाला साधारण एखादा कण आरपार जातोय. तीसच्या दशकात शास्त्रज्ञांना एक विचित्र प्रकार दिसत होता. शिशाच्या पत्र्यावर एक कण आदळायचा आणि खालून एकदम झुंडच्या झुंड बाहेर पडायची. या झुंडीला ‘शॉवर’ असं नाव पडलं होतं. ती येते कुठून?

भाभा आणि वॉल्टर हाइटलर यांनी १९३७ मध्ये उत्तर दिलं. हाइटलर हे नाझी जर्मनी सोडून ब्रिस्टलला आलेले शास्त्रज्ञ. उत्तर असं, की भरपूर ऊर्जेचा इलेक्ट्रॉन एखाद्या अणुकेंद्राजवळून जाताना त्याचा वेग मोडतो आणि त्यातून प्रकाशाचा एक कण, फोटॉन, बाहेर पडतो. तो फोटॉन पुढच्या अणुकेंद्राजवळ स्वतःच फुटतो आणि त्याचे दोन होतात, एक इलेक्ट्रॉन आणि एक पॉझिट्रॉन. ते दोघं पुन्हा फोटॉन सोडतात. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. अशा दहा पायऱ्यांत एकाचे १०२४ होतात. शिशात एक पायरी जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरची, जमिनीजवळच्या हवेत तीच साधारण ३०० मीटरची. म्हणून शिशाच्या छोट्याशा विटेत जे घडतं तेच आकाशात घडायला काही किलोमीटर लागतात.

मग हे कधीच थांबत नाही का? थांबतं. कारण एक रुपया हजार जणांत वाटला तर प्रत्येकाच्या वाट्याला दहा पैसे पण येत नाहीत. कण वाढतात पण ऊर्जा तेवढीच राहते. प्रत्येकाचा वाटा एका ठरावीक पातळीखाली गेला, हवेत साधारण आठ कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट आणि शिशात सत्तर लाखांच्या आसपास, की नवे कण जन्मायचे थांबतात. उरलेली ऊर्जा आजूबाजूच्या अणूंना धक्के देण्यात संपून जाते आणि झुंड विरते.

ही झाली गोष्ट. शास्त्रज्ञाला गोष्ट पुरत नाही, त्याला आकडा लागतो. आणि खरी गंमत (किंवा डोकेदुखी) इथेच आहे. दादर स्टेशनचा पूल डोळ्यांसमोर आणा, संध्याकाळी सातचा. पुलावरच्या एका पायरीवर आत्ता किती माणसं आहेत? मघाशी होती तेवढी, त्यात वरून आणि खालून आलेली मिळवायची आणि निघून गेलेली वजा करायची. एवढंच समीकरण. पण माणसं वेगवेगळ्या वेगाने आणि वेगवेगळ्या दिशेने चालतायत, काही मध्येच वळतायत. मग प्रत्येक पायरीसाठी, प्रत्येक वेगासाठी आणि प्रत्येक दिशेसाठी वेगळा हिशेब ठेवावा लागतो. शिवाय सगळे हिशेब एकमेकांत गुंतलेले, कारण एका खात्यातून गेलेला दुसऱ्या खात्यात जमा होतो. वायूतल्या रेणूंसाठी असा हिशेब ऑस्ट्रियाच्या लुडविग बोल्ट्झमन यांनी १८७२ मध्येच मांडला होता. कणांच्या वाहतुकीची सगळी समीकरणं त्याच्याच कुळातली.

भाभांच्या हिशेबात दोन वह्या होत्या, एक इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची आणि दुसरी फोटॉनची. सुटसुटीतपणासाठी त्यांनी दिशा सोडून दिली, सगळे सरळ पुढेच जातात असं धरलं. ऊर्जा फारच जास्त असेल तर ते बरंचसं खरंही असतं. मग एकेका पिढीचे कण मोजत मोजत पुढे जायचं. गंमत म्हणजे त्याच सुमारास अमेरिकेत कार्लसन आणि ओपेनहायमर हेच कोडं स्वतंत्रपणे सोडवत होते. हो, तेच ओपेनहायमर, नोलनच्या सिनेमातले. भाभा तेव्हा २७ वर्षांचे होते.

या कामातून एक न जुळणारी बाकीही उरली. काही वैश्विक कण जाड शिशातूनही आरामात पलीकडे जात होते आणि शॉवर करतच नव्हते. म्हणजे ते इलेक्ट्रॉन नव्हतेच. इलेक्ट्रॉनपेक्षा जड आणि प्रोटॉनपेक्षा हलका असा नवाच कण तिथे होता. अशा मधल्या वजनाच्या कणांसाठी ‘मेसॉन’ हे सुटसुटीत नाव भाभांनीच सुचवलं.

१९३९ मध्ये ते सुट्टीसाठी भारतात आले आणि सप्टेंबरमध्ये युरोपात युद्ध पेटलं. परत जाणं राहून गेलं ते राहूनच गेलं. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, जिथे सी. व्ही. रामन होते, भाभा शिकवू लागले. १९४१ मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले, तेव्हा वय होतं ३१. शॉवरचा हिशेब मात्र त्यांनी सोडला नाही. एस. के. चक्रवर्ती यांच्याबरोबर त्यांनी त्यातली मोठी त्रुटी भरून काढली. आधीच्या गणितात कण अणूंना धक्के देताना वाटेत जी ऊर्जा गमावतात ती नीट धरलेली नव्हती. ती धरून त्यांनी नवं उत्तर काढलं. ते १९४३ मध्ये प्रसिद्ध झालं, पुढचं गणित १९४८ मध्ये. नंतर अल्लाडी रामकृष्णन यांच्याबरोबर १९५० मध्ये आणखी एक पायरी: सरासरी किती कण हे कळलं, पण प्रत्यक्षात तो आकडा किती वर-खाली होतो? कण म्हणजे काही कवायतीतली मुलं नव्हेत, प्रत्येक वेळी फासे नव्याने पडतात. हवामान खात्याने पावसाची सरासरी सांगितली तरी छत्री घ्यायची की नाही हे त्यावरून ठरत नाही, तसंच हे.

मी बारावीनंतर गणिताला रामराम ठोकलेला, त्यामुळे मूळ पेपर उघडल्यावर दुसऱ्या पानावरच मान टाकली. पण एक गोष्ट न समजणाऱ्यालाही दिसते. सूत्रांचा प्रवास शेवटी आकड्यांच्या तक्त्यांपाशी येऊन थांबतो. हे तक्ते ज्या काळात तयार झाले त्या काळी भारतात कम्प्युटर नव्हता.

मार्च १९४४ मध्ये भाभांनी दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहून मूलभूत संशोधनाची संस्था मागितली. बडे नातेवाईक होते, पण मागणी कामाचीच होती. जून १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था म्हणजे टीआयएफआर बंगळूरला सुरू झाली आणि वर्ष संपायच्या आत मुंबईला आली. कुठे? तर पेडर रोडवरच्या ‘केनिलवर्थ’ बंगल्यात, ज्या घरात भाभांचा जन्म झाला होता तिथेच. १९४९ मध्ये जागा अपुरी पडू लागली तेव्हा संस्था गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत हलली. गेटवेला आपण सगळे जातो, फोटो काढतो, एलिफंटाची बोट पकडतो. त्याच आवारात गोऱ्यांच्या क्लबच्या दालनांत पोरसवदा संशोधक वैश्विक किरणांची उपकरणं जोडत होते, हे तिथला कुठलाच गाईड सांगत नाही.

याच दरम्यान, ऑगस्ट १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग स्थापन झाला आणि भाभा त्याचे अध्यक्ष झाले. आता मोजायचे होते न्यूट्रॉन. शॉवर आणि अणुभट्टी यांत कुळ एक असलं तरी स्वभावाचा मोठा फरक आहे. शॉवर आपोआप विरतो, कारण ऊर्जा वाटली जाते. अणुभट्टीत मात्र प्रत्येक युरेनियम अणू फुटताना स्वतःची नवी ऊर्जा आणि सरासरी दोन-अडीच नवे न्यूट्रॉन घेऊन येतो. त्यातला बरोबर एक पुढचा अणू फोडायला उरला पाहिजे. कमी उरले तर भट्टी विझते आणि सतत जास्त उरत गेले तर हाताबाहेर जाते. बाकीचे भिंतीत, पाण्यात, नियंत्रक दांड्यांत शोषले गेले पाहिजेत किंवा निसटले पाहिजेत. म्हणजे इथे हिशेबात चूक चालत नाही आणि दिशा सोडून देण्याची मुभाही नाही. न्यूट्रॉन अणूंवर आपटून कॅरमच्या सोंगटीसारखा वाटेल तिकडे जातो. जागेचे तीन आकडे, दिशेचे दोन, ऊर्जेचा एक आणि वेळेचा एक, अशा सात गोष्टींचा एकाच वेळी हिशेब. प्रत्येकीचे फक्त शंभर कप्पे केले तरी एकूण खाती होतात एकावर चौदा शून्यं.

जगात यावर दोन वाटा निघाल्या. एक म्हणजे सगळ्या दिशा न घेता मोजक्याच निवडायच्या आणि तेवढ्यांचाच हिशेब करायचा. ताऱ्यांमधल्या प्रकाशासाठी ही युक्ती सुब्रमण्यन चंद्रशेखर यांनी वापरली. ते भाभांच्या काळात केंब्रिजलाच होते. पन्नासच्या दशकात अमेरिकेत लॉस अलामॉसला ती न्यूट्रॉनसाठी घडवली गेली. दुसरी वाट स्टॅनिस्लाव उलाम आणि जॉन फॉन नॉयमन यांची: समीकरण सोडवतच बसायचं नाही, फासे टाकून एकेका न्यूट्रॉनची जन्मकुंडली मांडायची आणि अशा हजारो-लाखो कुंडल्यांची सरासरी काढायची. जुगाराच्या अड्ड्यावरून तिला ‘मॉन्टे कार्लो’ म्हणतात. दोन्ही वाटांना एकच गोष्ट हवी होती, न थकता बेरीज-वजाबाकी करणारं यंत्र.

ट्रॉम्बेची ‘अप्सरा’ ही भारताची पहिली अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ ला दुपारी पावणेचारला सुरू झाली. आशियात सोव्हिएत युनियन सोडलं तर पहिलीच. इंधन ब्रिटनचं होतं, रचना आणि बांधणी इथली. पाण्याच्या हौदात बुडवलेली भट्टी, त्यामुळे आतल्या कांड्या सोयीने हलवता येत. एकेक कांडी वाढवायची, न्यूट्रॉन मोजायचे, पुन्हा वाढवायची. हिशेब कागदावर आणि पडताळा हौदात, असा मामला.

यंत्राचीही तयारी चालू होतीच. १९५४-५५ मध्ये आर. नरसिंहन यांच्या हाताखाली टीआयएफआरमध्ये कम्प्युटर बांधायला घेतला गेला. टीममधल्या बहुतेकांनी तोवर कम्प्युटर वापरलेलाही नव्हता. आधी छोटं नमुना-यंत्र, मग मोठं. फेब्रुवारी १९६० मध्ये मोठं यंत्र कामाला लागलं: सुमारे २७०० व्हॅक्यूम ट्यूब आणि २०४८ शब्दांची स्मृती. आजच्या भाषेत दहा केबी, म्हणजे सकाळी फॅमिली ग्रुपवर येणाऱ्या गुड मॉर्निंगच्या फुलाला पण त्यात जागा झाली नसती. कुलाब्याच्या टोकाला, नेव्हीनगरमध्ये समुद्राला लागून बांधलेल्या नव्या इमारतीचं उद्घाटन १५ जानेवारी १९६२ ला नेहरूंनी केलं आणि त्याच वेळी यंत्राचं नाव ठेवलं टिफ्रॅक. १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा कितीतरी मोठा अमेरिकन कम्प्युटर आला, कारण तोपर्यंत टिफ्रॅकसमोर कामांची रांग लागली होती. भारतात कम्प्युटर कशाला, हा प्रश्न त्या काळी वेडगळ नव्हता. पण ज्याने शॉवरचे तक्ते केले होते त्याला उत्तर वेगळं पटवून द्यावं लागलं नसणार, असं मला वाटतं.

सगळंच गोड नव्हतं. अणुसंशोधन विद्यापीठांबाहेर, एका वेगळ्या सरकारी चौकटीत नेण्याला मेघनाद साहांचा विरोध होता आणि तो विरोध मला आजही बिनमहत्त्वाचा वाटत नाही. कॉलेजात शिकणाऱ्या मुलांपासून हे विषय दूर गेले ते गेलेच. त्यावरचा भाभांचा उपाय होता ट्रॉम्बेचं ट्रेनिंग स्कूल, १९५७ पासूनचं. दादर-माटुंग्यातल्या रुपारेल आणि व्हीजेटीआयमधून शिकलेले अनिल काकोडकर याच वाटेने आले आणि पुढे अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले.

परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ पासून सुरू होतं, टाटांच्या ट्रस्टने बांधलेलं. १९५७ मध्ये ते केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाकडे गेलं आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे आलं. कॅन्सरचं हॉस्पिटल अणूवाल्यांकडे का, असं आज विचारावंसं वाटेल. भाभांना मात्र किरणोत्साराचा हा उपयोग आधीपासूनच दिसत होता.

२४ जानेवारी १९६६ ला एअर इंडियाचं ‘कांचनजंगा’ हे बोइंग ७०७ आल्प्समधल्या माँ ब्लाँ शिखरावर कोसळलं. ११७ जण गेले, त्यात व्हिएन्नाच्या बैठकीला निघालेले ५६ वर्षांचे भाभा होते. फ्रेंच चौकशीचा निष्कर्ष असा, की शिखराच्या संदर्भात विमान नेमकं कुठे आहे हे समजण्यात वैमानिकाची चूक झाली. व्हिडिओवाल्यांना एवढ्यावर समाधान नसतं. पुढच्या वर्षी ट्रॉम्बेच्या केंद्राला त्यांचं नाव मिळालं. मलबार हिलवरचा त्यांचा ‘मेहरानगीर’ बंगला २०१४ मध्ये लिलावात ३७२ कोटींना विकला गेला आणि २०१६ मध्ये पाडण्यात आला.

बंगला गेला, पण त्यांचं नाव आणखी एका जागी आहे. कॅन्सरच्या किरणोपचारात शरीरावर फोटॉनचा झोत सोडतात. पेशंट टेबलावर झोपण्याआधी कम्प्युटर हिशेब करतो, की गाठीत किती ऊर्जा पडेल आणि शेजारच्या निरोगी भागात किती. झोत आत शिरला की फोटॉनमधून इलेक्ट्रॉन सुटतात, ते नवे फोटॉन सोडतात, काही फोटॉनच्या जोड्या होतात. म्हणजे १९३७ चाच प्रकार, फक्त आकाशाऐवजी माणसाच्या छातीत आणि बऱ्याच कमी ऊर्जेचा. हा हिशेब फासे टाकून करणाऱ्या एका जुन्या, जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रोग्रामच्या नावातच ‘शॉवर’ हा शब्द आहे. त्यात आणि त्याच्यासारख्या इतर प्रोग्राम्समध्ये जन्मलेला पॉझिट्रॉन इलेक्ट्रॉनवर आपटायची वेळ आली की पुढे काय होईल हे ठरवायला एक ठरलेलं सूत्र वापरलं जातं. कोडमध्ये त्या जागी लिहिलेलं असतं: भाभा.